दहा वेळा ‘नऊ’

रात्र नव्हती. हे आधीच सांगून टाकतो.

या पानावर लोक लिहितात त्या बहुतेक भीतीच्या गोष्टी मध्यरात्री घडतात. माझी सकाळी सहाला सुरू झाली आणि दुपारी एकपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. डोक्यावर ऊन होतं. आम्ही शुद्धीत होतो. नऊ माणसं होतो.

निदान मला तसं वाटत होतं...

मी एकतीस वर्षं शाळेत भूगोल आणि गणित शिकवलं. आता निवृत्त आहे. संध्याकाळी घरी बारा-तेरा मुलं येतात, त्यांना फुकट शिकवतो, कारण मुलांशिवाय मला करमत नाही. उत्तर आलं की ते उलटं करून तपासायचं, ही सवय मी शेकडो मुलांना लावली. त्यामुळे खाली जे लिहितो आहे तेही मी बरंच तपासलेलं आहे. जुळत नाही. पण खरं आहे.

सुट्टीच्या दिवशी हौशी लोकांना घेऊन मी पायी भटकायला जायचो. त्या वेळी वाट वाळवंटातली होती. डांबरी रस्ता जिथे संपतो तिथून एका जुन्या, बंद पडलेल्या पंपघरापर्यंत. अठरा किलोमीटर. मी ती आधी पाच वेळा चाललो होतो.

आणि माझी एक पद्धत होती.

शाळेच्या सहलीत लावलेली. प्रत्येकाला एक आकडा द्यायचा. दर अर्ध्या तासाला मी शिट्टी वाजवायचो आणि मोठ्यानं म्हणायचो, ‘एक’. माझ्या मागचा म्हणायचा ‘दोन’. त्याच्या मागचा ‘तीन’. असं शेवटपर्यंत. शेवटचा आकडा आला की मी वहीत बरोबरची खूण करायचो आणि पुढे चालायला लागायचो.

मागे वळून बघायचं नाही, हा माझा नियम. वाळूत मागे बघणारा माणूस ठेच खातो. डोळे पायांवर ठेवा, माणसं मोजायला कान आहेत. हे वाक्य मी मुलांना इतक्या वेळा ऐकवलंय की ती माझी नक्कल करताना हेच म्हणतात.

त्या दिवशी नववा आकडा माझ्या भाच्याचा होता.

माझ्या धाकट्या बहिणीचा एकुलता एक मुलगा. तिचं शिवणकामाचं दुकान आहे, नवरा लवकर गेला, पोराला तिनं मशीनच्या पायडलवर वाढवलं. पंचवीस वर्षांचा होता. आमच्यात त्याला सगळे ‘शेपूट’ म्हणायचे, कारण तो कायम सगळ्यांच्या मागे, पन्नासेक पावलं अंतर ठेवून चालायचा. कोणी मागे पडलं तर उचलायला. ते काम मीच त्याला शिकवलं होतं.

आठवा आकडा होता दाताच्या डॉक्टरीणबाईंचा. त्यांची जीभ धारदार. निघतानाच त्या त्याला म्हणाल्या, “काय रे, वरातीमागून घोडं, आज तरी वेळेवर पोचणार का?”

“तुम्ही फक्त पुढे चला, डॉक्टर. तुमचे हरवलेले रुमाल गोळा करायलाच मी मागे असतो.”

“रुमाल नको गोळा करूस. बायको गोळा कर एखादी.”

सगळे हसले. तोही हसला. त्याचं ते हसणं मला अजून आठवतं.

आठ वाजता पहिला थांबा. तिथे दगडांची एक रास आहे, कमरेएवढी, कोणीतरी खुणेसाठी रचलेली. पाणी प्यायलो, बिस्किटं खाल्ली. तेवढ्यात वारा सुटला. बारीक धूळ उडायला लागली. मी म्हटलं, आता बसायचं नाही, थेट पंपघर. तोंडाला फडकी बांधा, ओळीत चला.

निघताना मोजणी घेतली. त्या वेळी मात्र मी वळून पाहिलं.

शेपूट राशीला टेकून बसला होता. पिशवी मांडीवर. त्यानं हात वर केला आणि ओरडला, “नऊ.”

मी खूण केली. तो शेवटी निघणारच होता. रोजचंच होतं.

भाच्याला मी डोळ्यांनी पाहिलं ते शेवटचं.

साडेआठला शिट्टी. एक, दोन, तीन... आठ.

नऊ.

खूण.

नऊ वाजता. साडेनऊला. दहाला. वारा वाढत गेला. पुढच्या माणसाची पाठ तेवढी दिसायची. धुळीनं सगळं पिवळं झालं होतं. पण आवाज येत होते. एका मागून एक, माळेतल्या मण्यांसारखे. आणि शेवटी, लांबून, तो.

नऊ.

खरं सांगू? मला तेव्हा अभिमान वाटत होता. म्हटलं, बघा, पद्धत असावी तर अशी. डोळ्यांना काही दिसत नाही, तरी एक माणूस इकडचा तिकडे नाही.

एक वाजता पंपघर आलं. पत्र्याचं छप्पर, एक खोली, दार वाऱ्यानं आपटत होतं. बाहेरच्या अंगणात मी शेवटची मोजणी घेतली.

नऊ.

साडेआठपासूनची ती दहावी खूण. वही आजही माझ्याकडे आहे.

आम्ही आत शिरलो. कोणीतरी दार लावायला गेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “राहू द्या उघडं. शेपूट यायचाय.”

दार उघडं राहिलं. धूळ आत येत राहिली.

दोन नंबरच्या बाईंनी थर्मासमधून चहा ओतला. नऊ पेले मांडले. आठ उचलले गेले.

एक मिनिट. दोन मिनिटं. पाच.

“लघवीला थांबला असेल,” कोणीतरी म्हणालं.

दहा मिनिटं झाली. उरलेल्या पेल्यातल्या चहावर धुळीचा थर बसला.

मी बाहेर गेलो. हाक मारली. त्याच्या नावानं.

काही नाही...

पंपघराला चक्कर मारली. मागच्या बाजूला फक्त गंजलेला पाइप आणि वाळू. वारा तेव्हा थोडा पडला होता. निदान शंभर पावलं तरी स्वच्छ दिसत होतं.

तिथे कोणीही नव्हतं.

 तरी मी शिक्षकासारखाच वागलो. सगळ्यांना ओळीत उभं केलं. शिट्टी वाजवली नाही. एकेकाच्या खांद्याला हात लावून मोजलं, स्वतःला धरून.

आठ.

तीन वाजता पाण्याचा टँकर आला. त्या भागातल्या वस्त्यांना पाणी देणारा. त्याच्याकडे वायरलेस होता. संध्याकाळपर्यंत शोधपथक आलं.

त्यांच्या अधिकाऱ्यानं मला जो प्रश्न विचारला, तो मी मरेपर्यंत विसरणार नाही.

“शेवटचं कधी पाहिलंत त्याला?”

“एक वाजता. इथे, अंगणात.”

“पाहिलंत की ऐकलंत?”

“एकच आहे हो ते.”

“एकच नाही, सर.”

“माझ्या मोजणीत चूक होत नाही,” मी म्हणालो. “एकतीस वर्षांत एक मूल हरवलं नाही माझं. तो एक वाजेपर्यंत आमच्याबरोबर होता. इथेच शोधा. तीन-चार किलोमीटरच्या आतच असणार.”

टँकरवाला बाजूला उभा होता. पन्नाशीचा, रापलेला माणूस. तो म्हणाला, “साहेब, मागून सुरू करा. जिथून निघाले तिथून.”

मी त्याच्यावर खेकसलो. “तुम्ही होतात का बरोबर?”

त्यानं मान खाली घातली.

अधिकाऱ्यानं नकाशावर पंपघराभोवती वर्तुळ काढलं. भाच्याकडे दोन लिटर पाणी होतं. या उन्हात फार तर दीड दिवस. म्हणजे एकदाच शोधता येणार होतं, आणि कुठे शोधायचं हे माझ्या शब्दावर ठरलं.

दोन दिवस पथकानं ती वाळू चाळून काढली.

माझी बहीण दुसऱ्या दिवशी सकाळी आली. दुकानातल्याच कपड्यांत होती, गळ्यात मोजपट्टी तशीच. मला वाटलं रडेल. ती रडली नाही. तिनं विचारलं, “दादा, तू नक्की ऐकलंस ना?”

“नक्की. दहा वेळा.”

“मग सापडेल,” ती म्हणाली. माझ्या शब्दावर विश्वास ठेवून ती पंपघराच्या पायरीवर बसून राहिली. दोन दिवस.

चौथ्या दिवशी सकाळी टँकरवाला कोणाला न विचारता पहिल्या थांब्याकडे गेला.

पिशवी तिथे होती.

दगडांच्या राशीला टेकून ठेवलेली. पाण्याच्या दोन्ही बाटल्या गळ्यापर्यंत भरलेल्या, थांब्यावर मोठ्या कॅनमधून भरून घेतल्या होत्या तशाच. त्यानंतर एक घोटही घेतलेला नव्हता. पिशवीचा एक पट्टा तुटला होता. तो शिवायला घेतला होता. चार टाके पडलेले, पाचव्या टाक्यात सुई तशीच अडकलेली.

आम्ही सगळे तिथे पोचलो तेव्हा बहिणीनं ती शिवण बोटानं चाचपली.

“गाठ मारलेली नाही,” ती म्हणाली. “गाठ मारल्याशिवाय दोरा सोडायचा नाही, हे तो सहा वर्षांचा असताना शिकवलंय मी त्याला.”

मग तिनं माझ्याकडे पाहिलं.

“दादा, हा तर उठलाच नाही इथून. तुमच्याबरोबर चालत कोण होतं?”



आजूबाजूला पथकानं सगळं शोधलं. कपडा नाही, बूट नाही, हाड नाही. आजवर नाही.

नंतर लोकांनी तर्क लढवले. तर्काला काय, जीभ लागते फक्त.

बातम्यांत आलं की मुलगा ठरवून पळाला. कोणीतरी त्याला दूरच्या एका बसस्थानकावर पाहिलं म्हणे, दाढी वाढवलेली होती. मी स्वतः तिथे गेलो. चार दिवस बाकावर बसलो. दाढीवाले पुष्कळ होते. तो नव्हता. आणि पळून जाणारा माणूस भरलेलं पाणी मागे ठेवून पळेल का?

एकानं लिहिलं की जुनी खाण असेल, जमीन खचली असेल. तिथला नकाशा मी तोंडपाठ सांगू शकतो. खाण नाही. एकानं तर मामानंच काटा काढला असं लिहिलं. ते वाचून मी रागावलो नाही. थोडंसं बरंच वाटलं. निदान त्याला काहीतरी अर्थ तरी होता.

अधिकाऱ्याचं मत वेगळं होतं. “तुमच्यातल्याच कोणीतरी थट्टा केली,” तो म्हणाला. “शेपूट मागे राहिलाय हे कोणाला तरी माहीत होतं. त्यानं त्याचा आकडा दिला. आता भीतीनं कबूल करत नाहीत.”

मी सातही जणांना घरी जाऊन भेटलो. कोणाच्या डोळ्यात खोटं दिसलं तर मला कळतं, मी जन्मभर तेच पाहिलंय. दिसलं नाही.

एका कानाच्या डॉक्टरांनी मला समजावलं. त्यांची समजूत मला पटली होती, जवळजवळ. ते म्हणाले, “आठपर्यंत मोजलं की मन नऊची वाट बघतं. वारा असतो, थकवा असतो. मन तो आकडा स्वतःच भरून टाकतं. रिकामी जागा भरा, तसं.”

“पण आठ जणांनी ऐकलं.”

“आठही जण वाट बघत होते ना?”

मी घरी आलो. बऱ्याच दिवसांनी शांत झोपलो.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई माझ्याकडे आल्या. त्यांनी दवाखाना बंद ठेवला होता तेव्हापासून. हात कापतात म्हणाल्या. कापऱ्या हातानं दात कसा काढणार?

“सर, एक सांगायचं राहिलं. अधिकाऱ्यांना नाही सांगितलं. वेडी ठरवतील.”

“बोला.”

“सुरुवातीला तो आवाज लांबून यायचा. पन्नास पावलांवरून, नेहमीसारखा. पण अकरानंतर... जवळ आला.”

“किती जवळ?”

त्यांनी मानेमागे हात नेला. तिथेच ठेवला.

“इथे. मला वाटलं दमलाय, म्हणून अंतर कमी केलंय. तुम्ही वळू नका म्हटलं होतं. मी वळले नाही. चालता चालताच विचारलं, काय रे, पाय दुखतोय का?”

“मग?”

“तो म्हणाला, नऊ.”

त्या माझ्याकडे न बघता पुढे म्हणाल्या,

“मला वाटलं चेष्टा करतोय. त्याला सवयच होती. मी म्हटलं, पाणी देऊ का? तर म्हणाला, नऊ. मग मी हसले, सर. म्हटलं, गाढवा, दुसरं काही येतं की नाही तुला?”

मानेवरचा हात त्यांनी आता काढला.

“त्यावर काहीच बोलला नाही. पण मागे चालत होता. पावलं ऐकू येत नव्हती. वाळूत कोणाचीच येत नाहीत. पण माणूस मागे असला की कळतं ना... मानेला कळतं.”

रिकामी जागा भरा. मी त्या कानाच्या डॉक्टरांकडे पुन्हा गेलो नाही.

टँकरवाल्याची मात्र मी माफी मागायला गेलो. तो गाडीखाली झोपून काहीतरी खोलत होता. तसाच पडून बोलला.

“मास्तर, मनाला लावून घेऊ नका. तुम्हाला माहीत नव्हतं.”

“काय माहीत नव्हतं?”

“आम्ही चालताना माणसं मोजत नाही. तोंडानं तर नाहीच. मुक्कामाला पोचलो की भांडी मांडतो, पाण्याची. ज्याचं त्यानं उचलायचं. भांडं उरलं की माणूस कमी.”

“एवढ्यासाठी? मोजलं तर काय होतं?”

तो गाडीखालून बाहेर आला. फडक्याला हात पुसले.

“आवाज कोणीही देतं, मास्तर,” तो म्हणाला. “भांडं उचलायला हात लागतो.”

मी विचारलं, आवाज देणारं ते काय असतं? तो म्हणाला, मी कधी विचारलं नाही. माझे वडीलही टँकर चालवायचे, त्यांनीही विचारलं नाही. काही गोष्टींना प्रश्न केला की त्या उत्तर द्यायला येतात.

एक वर्ष झालं.

बहीण माझ्याशी बोलत होती, पण कामापुरतं. एके दिवशी ती घरी आली. मुलं नुकतीच गेली होती, फळ्यावर नदीचं चित्र होतं. ती उभ्यानंच म्हणाली, “दादा, मला तिथे घेऊन चल. आणि एकदा मोज.”

“वेडी आहेस का तू?”

“तुम्ही आठ जणांनी त्याला ऐकलं. दहा वेळा. परक्या लोकांनी ऐकलं माझ्या पोराला. मी वर्षभरात एकदा ऐकलेलं नाही.”

“अगं, तो तो नव्हता. पिशवी तू स्वतः पाहिलीस.”

“तू म्हणायचास तोच होता. आता म्हणतोस नव्हता. मला माझ्या कानांनी ठरवू दे. तो असेल तर मी वाट बघेन, जन्मभर बघेन. नसेल तर त्याचे कपडे कपाटातून काढेन. मला एका बाजूला होऊ दे, दादा. असं मधे नाही राहवत.”

मी दोन महिने टाळलं. मग गेलो.

टँकरवाल्यानंच नेलं. सकाळचे अकरा. वारा अजिबात नव्हता. आकाश कोरडं, निळं. दगडांची रास तशीच होती.

तो उतरला नाही. म्हणाला, “मोजणार असाल तर मी गाडी लांब नेतो. काच वर करून बसतो. झालं की हात करा.”

गाडी लांब गेली. इंजिन बंद झालं.

इतकी शांतता मी कधी ऐकलेली नाही. स्वतःच्या कानातलं रक्त ऐकू येत होतं.

बहिणीनं माझी बाही घट्ट धरली. मी पंपघराच्या दिशेला तोंड करून उभा राहिलो, त्या दिवशी होतो तसा. ती मात्र उलटी, मागे तोंड करून. माझा नियम तिला लागू नव्हता.

 शिट्टी फुंकली तर नुसती हवा आली. दुसऱ्यांदा वाजली.

“एक.”

माझा आवाज वाळूवरून गेला आणि विरला.

काही नाही.

दोन नंबरच्या बाई आपल्या घरी होत्या. तीन, चार, पाच, सगळे आपापल्या घरी. त्यांचे आकडे कोण म्हणणार? मी मनातल्या मनात मोजत होतो. दोन... तीन... चार...

बहिणीची पकड घट्ट झाली.

पाच... सहा...

येऊ नको, असं मी मनात म्हणत होतो. आणि ये, असंही म्हणत होतो. दोन्ही एकदमच.

सात...

आठ.

सात माणसांना आपापला आकडा म्हणायला जेवढा वेळ लागतो, बरोब्बर तेवढा वेळ गेला.

आणि मागून, अगदी जवळून, शांतपणे...

“नऊ.”

 तोच होता. तोच सूर, शेवटी किंचित वर जाणारा. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. सगळं विसरून मी म्हणालो, “ऐकलंस? ऐकलंस ना? त्याचाच आहे.”



मी वळलो. मागे दगडांची रास आणि मोकळी वाळू. बहिणीचा चेहरा पांढरा पडला होता, पण डोळे कोरडे होते. ती समोर एकटक बघत होती, जिथे काहीच नव्हतं.

“नाही,” ती म्हणाली.

“अगं, असं काय करतेस? इतका ओळखीचा...”

“ओळखीचा आहे. पण त्याचा नाही. मामा-भाचे एका गळ्याचे तुम्ही. फोनवर सगळे फसायचे. मी नाही फसायची, पोटचं पोर आहे माझं.”

“मग कोणाचा?”

तिनं माझी बाही सोडली. एक पाऊल मागे झाली. माझ्यापासून मागे.

“तुझा आहे, दादा.”

आम्ही परत आलो. त्या आठवड्यात तिनं कपाट रिकामं केलं. कपडे धुऊन, इस्त्री करून, वाटून टाकले. वाट बघणं तिनं थांबवलं. तिला जे ठरवायचं होतं ते ठरलं. माझं मात्र राहिलं.

तो आवाज माझा होता, हे ती म्हणते. मी ते किती तरी वेळा तपासलं. कानाचे डॉक्टर म्हणाले होते, मन रिकामी जागा भरतं. म्हणजे त्या दिवशी दहा वेळा मीच ‘नऊ’ म्हणालो का? एकतीस वर्षांची सवय, शेवटचा आकडा आल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही, म्हणून माझ्याच तोंडानं तो आकडा दिला का? साडेआठला तो आला नसता तर मी परत फिरलो असतो. अर्ध्या तासाचं अंतर होतं फक्त. तो तिथे बसून टाके घालत असता.

पण मी सगळ्यांत पुढे होतो. डॉक्टरीणबाईंच्या मानेमागे मी कसा असेन?

दोन्ही बाजूंनी गणित चुकतं.

आता मी मुलांची हजेरी आवाजानं घेत नाही. प्रत्येकाजवळ जातो, चेहरा बघतो, डोक्यावर हात ठेवतो. मुलांना गंमत वाटते. मोठ्यानं बोलायचंही मी सोडलंय. मागच्या बाकावरून “सर, ऐकू येत नाही” असं येतं, तेव्हा मी चालत तिथपर्यंत जातो आणि हळू सांगतो.

बहिणीला मी एकदाच विचारलं. ती मशीनवर होती. मी म्हटलं, त्या दिवशी तो आकडा आला तेव्हा... माझे ओठ हलले होते का?

मशीन थांबलं.

“मी मागे बघत होते, दादा,” ती म्हणाली. “तुझ्याकडे नव्हते बघत.”